शाईतले दोन गुण

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. क्षमा वगैरे ज्यांना जमते त्यांना जमो बापडी. विहारात मैत्रीभावनेवर प्रवचन असलं की मी पुढच्या सतरंजीवर बसते, मान डोलावते, आणि बाहेर येऊन चपला घालताना मला हटकून त्या सरांचं तोंड आठवतं. एकोणीस वर्षं आठवतंय. मला ते विसरायचंही नव्हतं.

तेव्हा मी भंडाऱ्याहून पुण्यात येऊन चार वर्षं झाली होती. राज्यशास्त्रात एमए, नेट झालेलं, आणि कसब्यात एका जिन्याखालच्या खोलीत राहायची. शनिवार पेठेतल्या एका महाविद्यालयात कायम प्राध्यापकाची जागा निघाली, राखीव. जाहिरातीचं कात्रण मी भंडाऱ्याला धाडलं. बाबा टपाल खात्यात होते. त्यांनी काय करावं? मुलाखत व्हायच्या आधीच पेंटरकडून पत्र्याची पाटी रंगवून घेतली, माझं नाव आणि त्याच्याआधी ‘प्रा.’ मी फोनवर ओरडले, "बाबा, काऊन घाई करता जी?" तर म्हणाले, "तुझ्यासाठीच जागा ठेवली आहे ना त्यांनी? मग कोणाला देतील?"

आमच्या घरी असंच समजत. राखीव म्हणजे ठेवलेली. ती रिकामीसुद्धा ठेवता येते हे आमच्या आळीत कोणाला ठाऊक नव्हतं.

मुलाखतीला टेबलामागे पाच जण होते. मधोमध सर. बाहेरच्या महाविद्यालयातून बोलावलेले, विषयातले मोठे, वागायला अतिशय सभ्य, शिपायालासुद्धा ‘अहो, जरा पाणी देता का’ म्हणणारे. प्रत्येकापुढे गुणांचा छापील तक्ता आणि टोक काढलेली कोरी पेन्सिल. मला वाटलं, किती व्यवस्थित माणसं आहेत. पेन्सिल कशाला ते मला नंतर कळलं, तुम्हाला आत्ताच सांगते. आमच्या धंद्यात मुलाखतीचे गुण आधी पेन्सिलीने मांडतात. उमेदवार गेले, दार लोटलं, की अध्यक्ष म्हणतात, "चला, आता जरा समतोल साधू या." मग खोडरबर टेबलावरून फिरतो. मग पेनं निघतात.

मी चांगलं बोलले. खोटी नम्रता नाही, खरंच चांगलं बोलले. संघराज्यावर प्रश्न होता, माझ्या आवडीचा. बोलता बोलता रंगात आले आणि तोंडातून निघून गेलं, "केंद्र सरकार हे राज्यांकडून काढून घेऊन राहिलं आहे."

सरांनी बोट वर केलं. हसले. "आपण मूळच्या कुठल्या?"

"भंडाऱ्याच्या."

"तरीच. उच्चार तिकडचे आहेत." बाकीचे चौघे बेताने हसले. सर पुढे म्हणाले, "काय आहे, पुण्यातली मुलं हसतील हो. आपल्यालाच त्रास होईल."

‘आपल्यालाच’ म्हणे! एवढ्या आदराने माझी अब्रू आजवर कोणी काढली नव्हती.

आठवड्याने फलकावर कागद लागला. आम्ही सात उमेदवार होतो. सातही जणांसाठी मिळून एकच ओळ: योग्य उमेदवार आढळला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जाहिरात, पुन्हा मी, पुन्हा तीच ओळ. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. आणि आता गंमत ऐका. त्या रिकाम्या जागेचे तास शिकवायचे कोणी? मीच. तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांपुरतं, सुट्टीत उपाशी. जागेला मी अयोग्य, त्याच जागेच्या तासांना योग्य. तीन वर्षं मी माझ्याच जागेवर परक्यासारखी उभी राहिले. पुण्यातली मुलं एकदाही हसली नाहीत.

मग मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. पहिल्या मुलाखतीच्या गुणांच्या तक्त्याची झेरॉक्स आली. परीक्षकांची नावं जाड काळ्या मार्करने खोडलेली. माझ्यापुढे वीसपैकी नऊ, आणि शेऱ्याच्या रकान्यात, ‘उच्चार तिकडचे’. नाव खोडून काय उपयोग, वाक्य तर तेच होतं. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. मूळ फाईल पाहण्याचा अर्ज केला. कार्यालयात बाकावर बसून ते पान उचललं आणि खिडकीच्या उजेडासमोर धरलं. शाईच्या नऊखाली पेन्सिलीचे खोडलेले सतरा दिसत होते. म्हणजे आधी मला सतरा दिले होते. पटले होते म्हणून दिले होते. मग समतोल साधला.

रडू नाही आलं. कानशिलं तापली, एवढं आठवतंय.

मी एका दैनिकात लेख लिहिला. कोणाचं नाव घेतलं नाही, फक्त राखीव जागा कशा रिकाम्या ठेवतात ते लिहिलं, पेन्सिलीसकट. आठवड्यात नोटीस आली: संस्थेच्या प्रतिमेस बाधा. मी उत्तर दिलं, की मत मांडलं म्हणून माझे तास काढून घेणार असाल तर यापुढे वर्गात राज्यघटनेचा अभिव्यक्तीचा धडा कोण शिकवणार आणि कोणत्या तोंडाने. छान उत्तर होतं, आजही मला पाठ आहे. तास काढून घेतलेच. पुढची सहा वर्षं मी स्वारगेटहून बस बदलत तीन महाविद्यालयांत तास घेत फिरले. कायम झाले तेव्हा बाबा नव्हते. पाटी त्यांनी लाकडी पेटीमागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेली सापडली. रंग अगदी नवा होता.

तर हा माझा डूख. उगाच नाही धरला.

आता माझे दिवस पालटलेत. विभागप्रमुख आहे. समावेशकतेवर बोलायला लोक गाडी पाठवतात. निवड समितीवर एक मागासवर्गीय प्रतिनिधी लागतोच, मग मला फोन येतो. पूर्वी असे प्रतिनिधी चहा पिऊन सही करून जात. मी चहा पीत नाही आणि सही वाचून करते, त्यामुळे मला जरा दबून असतात. मला ते आवडतं. लपवू कशाला?

गेल्या वर्षी इथल्या एका संस्थेनं नवा नियम केला. जागा कुठलीही असो, प्रत्येक उमेदवारानं एक पान लिहून द्यायचं: वर्गात विविधता आणि समावेशकता यावी म्हणून आपण काय केलं, काय कराल. त्याला वीस गुण. नियमाच्या बैठकीला मी होते. मीच म्हणाले, नुसतं पान नको, किमान दहा गुणांची अट घाला, त्याखाली कितीही हुशार असला तरी बाद. कोणीतरी पुटपुटलं, की असं मत लिहून घेणं बरोबर आहे का. मी म्हटलं, "आमची जात तुम्ही तीन पिढ्या दाखल्यावर लिहून घेता, तुमचं एक पान द्यायला काय होतं?" पानाचे गुण द्यायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

त्या संस्थेतल्या एका जागेच्या मुलाखतीच्या चार दिवस आधी फोन वाजला. आवाज ओळखला मी. एकोणीस वर्षांत घोगरा झाला होता, सभ्यपणा तसाच.

"अहो, आपला परिचय नाही, पण आपले लेख वाचतो मी. मोकळ्या विचारांच्या आहात आपण." मग स्वतःचं नाव सांगितलं. मग मुद्दा. त्यांच्याकडे पीएचडी केलेली एक मुलगी या जागेला होती, राज्यशास्त्रालाच, खुल्या गटातून. "हुशार आहे. जरा फटकळ आहे, पण मनाची स्वच्छ. आपण समितीवर आहात म्हणून धीर झाला. बघा जरा."

आपला परिचय नाही! मी म्हटलं, "हो सर, बघते की." फोन ठेवला आणि एकटीच मोठ्याने हसले. आता सापडलात, म्हटलं. देव मी मानत नाही, पण त्या दिवशी कोणाचे तरी आभार मानावेसे वाटले.

आदल्या दिवशी उमेदवारांची पानं वाचायला आली. अकरा पानं. दहांमध्ये पहिलं वाक्य एकच: ‘मी लहानपणापासून सर्व समाजघटकांमध्ये मिळून मिसळून वाढलो.’ बायकांनी तेवढं ‘वाढले’ केलं होतं. कुठल्यातरी झेरॉक्सच्या दुकानात तयार पान मिळत असणार. एका महाभागानं तर शेवटी ‘येथे आपले नाव लिहा’ हेही तसंच ठेवलं होतं. अकरावं पान त्या मुलीचं. तीन ओळी. ‘वर्गात मी काय करते ते माझ्या विद्यार्थ्यांना विचारावे. नोकरीसाठी मत लिहून देणे मला मान्य नाही, मत चांगले असले तरी. म्हणून हे पान मी रिकामे ठेवत आहे.’

ती आत आली. सव्वीस-सत्तावीसची, साधा कुर्ता, हातात फाईल नाही. विषयाचे प्रश्न सुरू झाले आणि टेबलामागची माणसं हळूहळू सावरून बसली. मुलगी उत्तम होती. मी इतकी वर्षं शिकवतेय, मला कळतं. मग माझी पाळी आली.

"तुम्हाला वर्गात विविधता नको आहे का?"

"हवी आहे, मॅडम. पण हवी आहे असं लिहून दिलं की नोकरी मिळते, हे नको. उद्या दुसरे कोणी येतील आणि दुसऱ्याच गोष्टीचं पान मागतील. तेव्हाही मी लिहून द्यायचं का?"

"राखीव जागांबद्दल काय म्हणणं आहे?" मी सापळा लावला होता. म्हटलं, आता बोलेल, आणि मग बघतेच.

ती म्हणाली, "त्या रिकाम्या ठेवतात तो गुन्हा आहे. त्या भरायला पान लागत नाही मॅडम, सही लागते."

हे मला ऐकू आलं नाही असं मी म्हणणार नाही. नीट ऐकू आलं. माझ्या नोटिशीच्या उत्तरात शोभलं असतं असं वाक्य होतं. पण तिच्या खुर्चीमागे मला सर दिसत होते, बोट वर केलेले, हसणारे. मी म्हटलं, "ठीक आहे, या तुम्ही."

शिपाई तक्ते आणि पेन्सिली मांडून गेला. मी पर्समधून पेन काढलं.

अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, पेन्सिल घ्या ना. नंतर आपण सगळे बसून…"

"नंतर काय होतं ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "मी शाईनं लिहिते. ज्याला बघायचं त्यानं उजेडात धरून बघावं."

काय वाटलं म्हणून सांगू त्या क्षणी! एकोणीस वर्षांची वाफ गेली. मी त्या मुलीच्या नावापुढे दोन लिहिले. वीसपैकी दोन. शेऱ्यात लिहिलं, ‘बांधिलकी दिसत नाही’. आणि त्या ‘येथे आपले नाव लिहा’वाल्याला तेरा दिले, कारण पान भरलेलं होतं.

सगळे उमेदवार झाल्यावर दार लोटलं. अध्यक्षांनी बेरजा केल्या, चष्मा काढला. विषयात ती मुलगी पहिली. बाकी दहांपैकी एकालाही विषयात उत्तीर्ण म्हणता येईना. म्हणजे घ्यायची तर तिलाच, आणि ती पानात बाद.

"बाकी आम्ही सगळे पेन्सिलीत आहोत," ते म्हणाले. "फक्त आपलेच शाईत आहेत. खाडाखोड चालत नाही, नाहीतर… आपण नवा तक्ता घेऊ या का? दोनाचे दहा केले तरी पुरे. मुलगी चांगली आहे हो."

"समतोल साधायचा आहे का?" मी विचारलं.

ते ओशाळले. त्यांना मागचं काही ठाऊक नव्हतं, ते बिचारे फक्त ओशाळले. मग इतिवृत्ताची वही माझ्याकडे सरकवली. "आपलं अक्षर चांगलं आहे. आपणच लिहा मग."

मी लिहिलं. योग्य उमेदवार आढळला नाही. सुवाच्य, शिरोरेघ सरळ. खाली सही केली.

घरी जाताना अर्धा किलो पेढे घेतले. दुसऱ्या दिवशी विभागात वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हटलं, खा ना मुकाट्यानं.

मग सरांना फोन लावला. हे मला करायचंच होतं. "सर, नाही झालं तिचं," मी म्हटलं, आणि त्यांना काही बोलायला न देता सगळं ओतलं. ते महाविद्यालय, पाच जण, पेन्सिली, सतराचे नऊ, भंडारा. "उच्चार तिकडचे, आठवतंय का सर? ती मीच."

मी वाट बघत होते. एकोणीस वर्षं ज्याची वाट बघितली ते आता येणार होतं. निदान आवाज तरी कापेल.

"असं का?" सर म्हणाले. खरंच आठवायचा प्रयत्न करत होते, ते कळत होतं. "नाही हो, आठवत नाही. त्या काळी बऱ्याच मुलाखती असायच्या. आपल्याला वाईट वाटलं असेल तर दिलगीर आहे बरं का." मग जरा थांबून, "असो. ती काय, लहान आहे. लागेल कुठेतरी. बराय, चहा निवतोय."

आणि फोन ठेवला. चहा निवतोय! अगं माय, मी इतकी वर्षं उरात निखारा घेऊन फिरले आणि त्या माणसाचा नुसता चहा निवला. मी मोबाइल पलंगावर आपटला. मनात आलं, परत लावावा आणि आमच्या भंडाऱ्याकडच्या, झाडीपट्टीतल्या शिव्या द्याव्या, ज्या मी पुण्यात आल्यापासून कोणाला दिल्या नाहीत. पण त्या ऐकून ते म्हणाले असते, उच्चार तिकडचे आहेत. मी लावला नाही.

त्या मुलीचा विचार मी केला नाही. खरं सांगते, दोन महिने केला नाही. जेव्हा केव्हा आला तेव्हा म्हटलं, मला नऊ वर्षं लागली, तिलाही लागू देत.

मग त्या संस्थेच्या कार्यालयातून कारकून बाईंचा फोन आला. "मॅडम, त्या राज्यशास्त्राच्या मुलाखतीचा माहितीच्या अधिकारात अर्ज आलाय. गुणांच्या तक्त्याची प्रत मागितलीय, आणि मूळ पानही बघायचंय म्हणे. आपली हरकत आहे का, विचारायला सांगितलंय."

"कोणाचा अर्ज?"

"ती नाही का, पहिली आलेली. इथंच आहे ती आता. त्याच जागेचे तास घेते, तासिका तत्त्वावर. मुलांना फार आवडते." मग बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "हरकत असेल तर तसं कळवू. आणि प्रत द्यायची झाली तरी नावावर मार्कर मारूनच देतो आम्ही. तुम्ही काळजी करू नका."

मी म्हटलं, दहा मिनिटांनी सांगते.

माझी ती जुनी झेरॉक्स अजून कपाटात आहे. काढली. नऊ. उच्चार तिकडचे. ती मुलगी आता त्या कार्यालयात बाकावर बसणार. पान उचलणार, खिडकीच्या उजेडात धरणार. मीच तर सांगितलं होतं, बघायचं त्यानं उजेडात बघा म्हणून. माझ्या नऊखाली सतरा निघाले होते. त्या सतरांवर मी इतकी वर्षं जगले, आता कळतंय. कोणीतरी, घटकाभर का होईना, मला योग्य म्हटलं होतं. त्या पोरीच्या दोनाखाली काय निघणार आहे? काही नाही. मी पेन्सिल घेतली नव्हती. दोनाखाली कोरा कागद आहे.

पेन्सिल घेतली असती तर अध्यक्षांनी दोनाचे दहा केले असते. मी पाहत राहिले असते, चिडले असते, आणि ती मुलगी आज कायम असती. ज्या खोडरबरानं मला संपवलं त्यानं तिला वाचवलं असतं. मी तो टेबलावर येऊ दिला नाही, आणि वर मिरवलं.

आणि माझा फोन सर चहाबरोबरच विसरले असणार, तिला ते काही सांगणार नाहीत. तिला वाटणार हे त्यांच्या कुठल्या जुन्या शत्रूचं काम आहे, किंवा अध्यक्षांचं, किंवा व्यवस्थेचं. काळ्या पट्टीखाली कोण आहे ते शोधत बसणार. मला निदान माझं माणूस शेऱ्यावरून सापडलं होतं. ‘बांधिलकी दिसत नाही’ हे तर कोणीही लिहू शकतं.

मी फोन लावला. "हरकत नाही," म्हटलं. "मूळ पानही दाखवा."

"बरं मॅडम. नाव खोडून देते."

"खोडू नका."

"पण आपल्याकडे पद्धत आहे तशी."

"पद्धत आहे ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "माझं नाव पूर्ण दिसू द्या. तिला पुढे बरीच वर्षं लागणार आहे ते."